मदत हवी आहे : ३०० च्या बीआरएमसाठी सायकल कॉम्प्युटरच्या स्क्रीन्स कशा लावू?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पाच बटणांचा, टचस्क्रीन नसलेला सायकल कॉम्प्युटर आहे. वर्षभर वापरतेय. एका स्क्रीनवर दहा चौकटी बसतात म्हणून मी दहाच्या दहा भरून टाकल्या: वेग, सरासरी वेग, सर्वोच्च वेग, अंतर, वेळ, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), हार्ट रेट, चढाचा टक्का, एकूण चढाई आणि तापमान. रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या राइडला त्यात काही अडत नव्हतं. मागच्या महिन्यात पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली, तेव्हा मात्र चांगलंच अडलं.

१०४ किमीवर कंट्रोल, म्हणजे ठरावीक वेळेआधी हजेरी लावायचा थांबा, होता. सकाळी ६ ला सुटलो होतो आणि कंट्रोल १२:५६ ला बंद होणार होता. माझ्या स्क्रीनवर सरासरी १९.८ दिसत होती. किमान १५ ची सरासरी लागते, आपण जवळपास २० ने चाललोय, म्हणजे वेळ भरपूर आहे असं मी धरून चालले. पंक्चर काढताना घाई केली नाही, पाणी भरायला थांबले तिथेही बसून राहिले. कंट्रोलवर पोचले तेव्हा १२:५० झाले होते. फक्त सहा मिनिटं उरली होती! आणि स्क्रीनवरची वेळ होती ५ तास १५ मिनिटं. ऑटो पॉज (सायकल थांबली की मोजणी आपोआप थांबवणारं सेटिंग) चालू होता, त्यामुळे थांबलेला दीड तासाहून थोडा जास्त वेळ तिथे कुठेच दिसत नव्हता. राइड १३ तास १२ मिनिटांत पूर्ण झाली, पण कंट्रोलनंतरचं सगळं अंतर मी धास्तावूनच कापलं.

आता ३०० करायची आहे. वीस तासांची मर्यादा, सकाळी ६ ची सुरुवात, म्हणजे शेवटचा बराच भाग अंधारात. त्याआधी स्क्रीन्स नीट लावून घ्यायच्या आहेत. पहिल्या स्क्रीनवर नक्की काय ठेवू? माझं वय ४९ आहे, जवळचा चष्मा लागलाय आणि सायकलवर तो घालता येत नाही, त्यामुळे दहा चौकटींमधले आकडे मला चालत्या सायकलवर वाचताच येत नाहीत. शिवाय चढाचा टक्का फार उशिरा बदलतो, चढ संपून उतार लागला तरी ४ टक्के दाखवत राहतो. यंत्र बिघडलंय का? आणखी एक, माझं अंतर रूटच्या कागदावरच्या अंतरापेक्षा नेहमी कमी भरतं. चाकावर स्पीड सेन्सर आहे. हे सेटिंगमधून सुटेल का?

पॉवर मीटर नाही, घ्यायचाही नाही.

प्रतिसाद

ताई, आधी वेळेचं बघू, कारण ३०० मध्ये तेच तुम्हाला तारेल. तुमच्या यंत्राने दाखवलेली १९.८ ही सरासरी बरोबरच होती, पण ती चाक फिरत असतानाची. कंट्रोलचं घड्याळ तुम्ही थांबलात तरी थांबत नाही. १०४ किमीला तुम्हाला ६ तास ५० मिनिटं लागली, म्हणजे खरी सरासरी १५.२. एवढाच फरक तुमच्या आणि कटऑफच्या (कंट्रोल बंद होण्याच्या वेळेच्या) मध्ये होता.

यंत्रात वेळेच्या चौकटी वेगवेगळ्या असतात आणि नावं सारखीच वाटतात म्हणून गोंधळ होतो. एक असतो टायमर, तो ऑटो पॉजबरोबर थांबतो. दुसरा एकूण गेलेला वेळ, मेनूत ‘इलॅप्स्ड टाइम’ म्हणून सापडेल. स्टार्ट दाबल्यापासून तो अखंड चालतो. तिसरी साधी घड्याळाची वेळ. बीआरएमला दुसरी किंवा तिसरी लावा, टायमर पहिल्या स्क्रीनवरून काढूनच टाका.

आता डोक्यातला हिशेब. ताशी १५ म्हणजे एका किलोमीटरला ४ मिनिटं. कंट्रोलच्या अंतराला ४ ने गुणा, तेवढ्या मिनिटांत तिथे पोचायचं. १०४ चोक ४१६ मिनिटं, म्हणजे ६ तास ५६ मिनिटं, तुमचा कटऑफ तोच होता ना? ३०० ला १२०० मिनिटं, बरोबर वीस तास. पहिल्या ६० किमीत नियम थोडा सैल आहे, तिथे ताशी २० धरून वर एक तास मिळतो. २०० च्या शेवटच्या कंट्रोललाही या हिशेबापेक्षा दहा मिनिटं जास्त मिळतात, कारण मर्यादा १३ तास ३० मिनिटं आहे.

पण तुम्ही ३०० करताय, तुमच्यासाठी चारचा पाढा पुरेसा आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर: ऑटो पॉज बंद करा असा सल्ला तुम्हाला मिळेल, पण गरज नाही. एकूण गेलेला वेळ ऑटो पॉजमुळे थांबत नाही. चालतानाची सरासरीही उपयोगी असते, पाय थकत चाललेत का हे तिच्यावरून कळतं. ती दुसऱ्या स्क्रीनवर ठेवा.

ऑटो पॉज बंद करावाच लागतो तो एका बाबतीत. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ‘व्हर्च्युअल पार्टनर’ असतो, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने चालणारा एक काल्पनिक सोबती. त्याला १५ चा वेग द्या आणि राइड संपेपर्यंत टायमर थांबू देऊ नका. मग तुम्ही कटऑफच्या किती मिनिटं पुढे आहात हे थेट दिसतं. मला हे फार आवडतं. थांब्यावर बसलेलं असताना तो आकडा खाली येताना दिसला की आपोआप उठायला होतं.

प्रतिसाद

मी ५६ वर्षांचा आहे, डोळ्यांचा प्रश्न मलाही आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या स्क्रीनवर चारच चौकटी ठेवा. ताशी ३० च्या वेगाने सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. आकडा शोधायला दोन सेकंद मान खाली घातली तर सोळा-सतरा मीटर रस्ता न बघता गेला. खड्ड्याला तेवढं पुरतं. म्हणून मी प्रत्येक चौकटीला विचारतो, हा आकडा बघून मी आत्ता काही वेगळं करणार आहे का? सर्वोच्च वेग बघून मी काहीच करत नाही. तापमान त्वचेला कळतं. एकूण चढाई घरी गेल्यावर बघता येते. कॅडन्सची सवय झाली की पाय सांगतात. असं करत करत माझ्याकडे अंतर, घड्याळाची वेळ, हार्ट रेट आणि वेग एवढं उरलं.

जागाही महत्त्वाची आहे. बऱ्याच मांडण्यांमध्ये वरची चौकट रुंद असते, तिथे अंतर ठेवा, कारण पुढचं वळण कागदावर अंतरानेच लिहिलेलं असतं. एकदा ठरवलेली जागा मग बदलू नका. पंधरा-वीस राइड्सनंतर डोळा आपोआप तिथेच जातो, अक्षरं वाचावी लागत नाहीत. वाहू कंपनीच्या यंत्रांत बाजूच्या बटणाने चौकटी कमी करून आकडे मोठे करता येतात आणि यादीत वर असलेल्या चौकटी शिल्लक राहतात. म्हणजे तिथे क्रम लावणं हीच सगळी मांडणी.

आणि पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर घालून बघा. काही डिस्प्ले ठरावीक कोनातून त्यातून काळे दिसतात. मी कित्येक दिवस ब्राइटनेस वाढवत बसलो होतो.

प्रतिसाद

चढाच्या टक्क्याबद्दल: यंत्र बिघडलेलं नाही. उंची मोजायला आत बॅरोमीटर असतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर वर गेल्यावर हवेचा दाब १ हेक्टोपास्कल कमी होतो. तुम्ही ५ टक्क्यांचा चढ ताशी १० ने चढताय असं समजा. सेकंदाला जेमतेम १४ सेंटिमीटर उंची वाढते, म्हणजे दाबातला फरक ०.०२ हेक्टोपास्कलच्याही आत. वाऱ्याच्या झोताने तेवढं सहज हलतं. म्हणून यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून मग आकडा दाखवतं, आणि तो मागे पडतो. लांबच्या सलग चढावर तो विश्वासाचा, छोट्या चढउतारांवर नाही.

पावसात किंवा घामाने बॅरोमीटरचं छिद्र बुजलं तर उंची काहीही दाखवते, ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन कोरडं होऊ द्या. टोकदार वस्तू आत घालू नका.

चढासाठी वेगळी स्क्रीन करा: टक्का, हार्ट रेट, अंतर. बस.

प्रतिसाद

अंतर कमी भरण्याचं कारण चाकाचा परीघ असणार. टायर बदललाय का? ७००×२५ चा (म्हणजे २५ मिमी रुंद टायरचा) परीघ साधारण २१०५ मिमी धरतात, ७००×३२ चा २१५५.

धागालेखिका

हो! मागच्या वर्षी २५ काढून ३२ घातले. सेन्सरच्या सेटिंगमध्ये आत्ता बघितलं तर २१०५ च आहे.

प्रतिसाद

मग हेच. फरक साधारण २.३ टक्क्यांचा आहे, पण ३०० किमीवर यंत्र २९३ दाखवेल. शेवटच्या टप्प्यात रात्री वळण शोधताना सात किलोमीटरची चूक म्हणजे फार झाली. तक्त्यातला आकडा घालण्यापेक्षा स्वतः मोजा. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, नेहमीची हवा भरून, सायकलवर बसून सरळ रेषेत एक पूर्ण फेरा न्या, दुसरी खूण करा आणि मधलं अंतर टेपने मोजा. बसून मोजायचं कारण असं की वजनाने टायर दबतो आणि परीघ थोडा कमी होतो. कोणीतरी सायकल धरायला घ्या.

प्रतिसाद

रात्रीसाठी. बॅकलाइट सतत चालू ठेवला तर बॅटरी लवकर उतरते, तो बटण दाबल्यावर काही सेकंद लागेल असा ठेवा. ब्राइटनेस कमी, पूर्ण उजेड अंधारात डोळ्यांना त्रास देतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. स्क्रीन्स आपोआप बदलत राहण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर मान खाली घालाल तेव्हा नको तीच स्क्रीन समोर असेल.

पॉवर बँक लावणार असाल तर लावल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं का हे आधीच्या एखाद्या छोट्या राइडला तपासून घ्या. आणि हे सगळं नवीन प्रोफाइल (सेटिंग्जचा वेगळा संच) बनवून त्यात करा, रोजच्या प्रोफाइलला हात लावू नका. बऱ्याच यंत्रांत स्क्रीन्स प्रोफाइलला जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही मांडण्या शाबूत राहतील.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक मोजलं, २१४८ आलं, तेच घातलं. ‘बीआरएम’ नावाचं नवीन प्रोफाइल केलं. पहिली स्क्रीन: वर रुंद चौकटीत अंतर, खाली घड्याळाची वेळ, वेग, हार्ट रेट. दुसरी चढाची. तिसरीवर एकूण गेलेला वेळ आणि चालतानाची सरासरी शेजारी शेजारी. आज ७० किमी करून आले. चष्म्याशिवाय सगळे आकडे वाचता आले, या गोष्टीचा किती आनंद झाला सांगता येत नाही.

एकच शंका राहिली. दर ५ किमीला लॅपची (एक टप्पा संपल्याची) सूचना येऊन पूर्ण स्क्रीन झाकली जाते. ते बंद केलं तर काही गमावेन का?

प्रतिसाद

काही नाही. ऑटो लॅप बंद करा आणि प्रत्येक कंट्रोलवरून निघताना लॅपचं बटण हाताने दाबा. तिसऱ्या स्क्रीनवर ‘लॅपचं अंतर’ ही चौकट वाढवा. मागच्या कंट्रोलपासून किती आलात ते दिसेल, आणि पुढचा किती लांब आहे हे कागदावरून लगेच काढता येईल.

धागालेखिका

केलं. रविवारी १०० किमीला याच मांडणीने जातेय, शेवटचे दोन तास मुद्दाम अंधारात ठेवलेत. बॅकलाइटचं कसं जमतं ते इथेच लिहीन.