फूड लायसन्स म्हणजे गाडा लावायची परवानगी नव्हे

दादा, वर तुम्ही लिहिलंय की फूड लायसन्सची नोंदणी झाली म्हणजे गाडा कुठंही लावता येतो. तसं समजू नका. ती नोंदणी फक्त खाण्याच्या पदार्थांसाठी असते. जागेसाठी २०१४ च्या फेरीवाला कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र लागतं, आणि ते महापालिकेच्या सर्वेक्षणात नाव असलेल्या विक्रेत्यांना मिळतं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्यांना हटवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

माझ्या वहिनीचा बेळगावात गिरमिट (चुरमुऱ्यांचा चटपटीत पदार्थ) आणि भज्यांचा गाडा आहे. गेल्या पावसाळ्यात महापालिकेची गाडी आली आणि भिजवलेलं पीठ, चुरमुऱ्यांचं पोतं, शेगडी सगळं उचलून नेलं. यादी मागितली तर कुणी दिली नाही. खरं तर जप्तीच्या वेळी सामानाची यादी द्यावीच लागते. आपण मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो, ठरलेली फी भरून. हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पीठ आंबून गेलं.

इथं प्रमाणपत्राचा अर्ज कन्नडमध्ये असतो. खडे बाजार, गणपत गल्लीतल्या आपल्या कितीतरी बायका न वाचताच अंगठा उठवतात. कुणाकडून तरी वाचून घ्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. फेरीवाल्यांचे प्रश्न बघणाऱ्या शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांसाठी. तिथं आपल्यातलं कोण आहे, याची आधी चौकशी करा.