आडव्हेंटचे चार रविवार आणि घरातली लहान मुलं

कार्ल्सरूहहून

नमस्कार मंडळी,

ओवी आता चार वर्षांची झाली. इथे जर्मनीत तिच्या किटामधली (बालवाडीतली) कंदिलांची मिरवणूक संपली नाही तोच तिथे आडव्हेंटची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाची, गाणी सुरू झाली आहेत, आणि घरी येऊन ती रोज विचारते, "आपल्या चार मेणबत्त्या कुठे आहेत?" आतापर्यंत २४ डिसेंबरला छोटं झाड आणि एक भेटवस्तू, एवढ्यावर आम्ही भागवत होतो. यंदा मनापासून काहीतरी करावंसं वाटतंय. पण दुकानात गेलं की आडव्हेंट कॅलेंडरांनी (१ ते २४ डिसेंबर रोज एक कप्पा उघडायचा, ती) भिंतच्या भिंत भरलेली. त्यातलं काय घ्यावं आणि काय नाही, काही सुचत नाही.

सासूबाई फोनवर म्हणतात, "आपली दिवाळी आत्ताच झाली, हे आणखी कशाला?" त्यांना उडवून लावायचं नाहीये, नीट उत्तर द्यायचंय. ज्यांची मुलं इथेच वाढली त्यांनी घरी नेमकं काय केलं ते लिहाल का? आम्ही अंडं खात नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

– ओवीची आई


स्टुटगार्टहून

अगं, बरं झालं विचारलंस. आमची दोन्ही मुलं इथेच वाढली, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, सगळं करायला जाऊ नकोस. क्रान्स (हिरव्या फांद्यांचं चार मेणबत्त्यांचं चक्र) आणि एक कॅलेंडर, बस्स झालं. क्रान्स निघाला तोच मुळी मुलांपायी. हॅम्बुर्गला योहान हिनरिश विशर्न नावाचे धर्मगुरू गरीब, निराधार मुलांसाठी संस्था चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून मुलं भंडावून सोडायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्यातल्या वारांच्या २० लहान तांबड्या आणि रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या. रोज एक जास्त लागायची. हिरव्या फांद्या पुढे आल्या, आणि घराघरांत पोचेपर्यंत रविवारच्या चारच मेणबत्त्या राहिल्या.

२०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतोय. साडेचार वाजता अंधारतंच, तेव्हा पाचच्या सुमाराला घरातले सगळे दिवे बंद करायचे, टीव्ही आणि फोनसुद्धा. एकच मेणबत्ती लावायची, मग दर रविवारी एक वाढवायची. एक गाणं, एक गोष्ट, आणि मँडरिन सोलून खायचं. आमची धाकटी सालीचा तुकडा बाबांच्या हातात द्यायची. ते तो ज्योतीशेजारी चिमटीत दाबायचे की सालीतल्या तेलाचे बारीक थेंब उडून तडतड ठिणग्या व्हायच्या आणि खोलीभर वास सुटायचा. दर रविवारी तिला तेच हवं असायचं, त्याच क्रमाने. या वयाच्या मुलांना नवनवीन काही लागत नाही, तेच ते पुन्हा हवं असतं.

ओवी म्हणेल, चारही लाव. अजिबात लावू नकोस. उरलेल्या तीन मेणबत्त्या दिसत राहिल्या पाहिजेत, पण पेटायला नकोत. इथे मुलांना हवं ते दुसऱ्या दिवशी घरपोच येतं. वाट बघायला शिकवणारं असं दुसरं काही मला तरी या देशात सापडलेलं नाही, म्हणून मी याबाबत हट्टी आहे. भेटवस्तूही २४ च्या संध्याकाळच्या आत द्यायची नाही.

मेणबत्त्यांखाली धातूच्या वाट्या हव्यातच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फांद्या खडखडीत वाळतात आणि भसकन पेट घेतात. ज्योत चालू असताना मोठ्या माणसाने खोली सोडायची नाही, दारावर कुरियरवाला आला तरी नाही.

कॅलेंडरचं म्हणशील तर सगळ्यांत जुनी रीत फुकटातली आहे. एकोणिसाव्या शतकात इथली माणसं दारावर खडूच्या २४ रेघा ओढायची आणि मुलं रोज एक पुसायची. तुमच्याकडे फळा असेल तर हेच कर. छापील कॅलेंडर आणलं त्या गेरहार्ट लांगचा जन्म माउलब्रॉनचा, म्हणजे तुमच्यापासून अगदी जवळचाच. लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर २४ छोटी बिस्किटं लावून दिली होती, त्यावरून मोठेपणी म्युनिकला त्याने छापखान्यात कॅलेंडरं काढली. विकत घेणार असलीस तर नुसत्या चित्रांचं घे, आत गोष्टीचा तुकडा असलेलं. गोळ्यांचं घ्यायचं असेल तर मागची बाजू वाच. मऊ रबरी गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, आणि ते डुकराचं असू शकतं. आम्ही कापडी पिशव्यांत चिठ्ठ्या घालायचो, "आज आजीला फोन करून गाणं म्हणायचं", "आज पक्ष्यांना दाणे ठेवायचे" अशा. ज्या दिवशी तुम्ही दोघं कामावरून उशिरा येणार असाल, त्या दिवशीच्या पिशवीत सोपी चिठ्ठी ठेव.

४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस. त्या दिवशी चेरीच्या फांद्या कापून पाण्यात ठेवायच्या, घरात ऊब मिळाली की नाताळच्या सुमाराला फुलतात. रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवल्यास बरं. ५ तारखेच्या रात्री बूट घासूनपुसून दाराशी ठेवायचे, सकाळी त्यात अक्रोड, मँडरिन आणि एखादं चॉकलेट. हे ठेवून जाणारा निकोलाउस म्हणजे मायरा गावचा बिशप, उंच टोपी आणि हातात दंड, तांबड्या डगल्यातला सांता नव्हे. खोडकर मुलांना धाक दाखवणारा त्याचा सोबती ठिकठिकाणी असतो, त्याला आमच्या घरी मी कधीच येऊ दिलं नाही.

अंड्याविना व्हॅनिल-किप्फर्ल (चंद्रकोरीच्या आकाराची नाताळची बिस्किटं) छान होतात. मैदा २५० ग्रॅम, गार लोणी २००, बदामाची पूड १००, साखर ८०. मळून तासभर फ्रीजमध्ये, मग ओवीला चंद्रकोरी वळू दे. १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं, रंग चढायच्या आत बाहेर. कोमट असतानाच व्हॅनिला साखरेत घोळवायच्या. फार गरम असताना उचलल्या तर नानकटाईसारख्या हातातच भुगा होतात. किटाला पाठवणार असलीस तर बदामाचं आधी विचारून घे.

आता सासूबाई. त्यांना सांग, ओवी ज्या गावात वाढतेय तिथले शेजारी या महिन्यात काय करतात आणि का करतात, हे तिला कळायला हवं. म्हणूनच येशूच्या जन्माची गोष्ट गाळू नकोस. बरीच आपली मंडळी झाड, दिवे, भेटी घेतात आणि गोष्ट सोडून देतात, ते मला पटत नाही. गणपतीत शेजारीण मोदक खायला येते तेव्हा गणपती कोण हे आपण तिला सांगतोच ना? तसंच हे. गोष्ट सांगितली म्हणून कुणाचा देव बदलत नाही.

आणि गेंगनबाखला एकदा जाऊन या. तिथल्या टाउन हॉलच्या २४ खिडक्यांचंच कॅलेंडर करतात, रोज संध्याकाळी एक उघडते. शनिवार-रविवारी गर्दीत बाबागाडी हलत नाही, तेव्हा मधल्या वारी जा.

– स्टुटगार्टची काकू


म्युनिकहून

काकू, तुमची मेल घरी मोठ्याने वाचली. गोष्ट गाळू नका हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

मी वसईचा, आई गोव्याची. आमच्याकडे या दिवसांना आगमनकाळ म्हणतात आणि तो तयारीचा काळ. चर्चमधल्या चक्रात तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावतात, कारण तो आनंदाचा रविवार. जर्मन घरांतून बहुधा चारही तांबड्या दिसतात, त्यामुळे ओवीने चर्चमध्ये वेगळं पाहिलं तर गोंधळायला नको.

ओवीच्या आईला एक सुचवतो ताई, गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) करा. वसईत नाताळात गावोगावची पोरं रस्त्याच्या कडेला गोठे उभारतात, बांबू, गवत, माती, जे हाताला लागेल त्यातून. आई गोव्याच्या रीतीने दोनेक आठवडे आधी ताटलीत नाचणी पेरायची आणि ते हिरवे कोंब गोठ्याभोवती शेत म्हणून मांडायची. घटस्थापनेला धान्य पेरतात त्या घरात हे कुणाला परकं वाटणार नाही. ताई, सासूबाईंना हे जरूर दाखवा.

आमच्या घरी मरिया आणि योसेफ १ डिसेंबरला स्वयंपाकघराच्या खिडकीत असतात आणि मुलगा त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवतो. एखाद्या दिवशी पुस्तकांच्या कपाटावर, एखाद्या दिवशी फ्रीजवर. गव्हाणी रिकामी असते. बाळ २४ च्या रात्री मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावरच ठेवायचं, आणि त्याआधी ते कुठे दडवलंय हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक असतं. तीन राजे ६ जानेवारीला पोचतात, तोवर ते बाथरूमच्या फळीवर प्रवासात.

म्युनिकला आलात तर बव्हेरियन नॅशनल म्युझियममधले जुने गोठे मुलांना दाखवा. शेकडो वर्षांपूर्वीच्या बाहुल्यांचे कपडे, भाजीच्या टोपल्या, सगळं इतकं बारीक आहे की चार वर्षांचं मूलही काचेला नाक लावून उभं राहतं.

– वसईचा दादा


कार्ल्सरूहहून

काकू, दादा, दोघांचेही खूप आभार. नवऱ्याशी बोलून ठरवलं, क्रान्स, खडूच्या रेघा आणि गोठा. बाकीचं पुढच्या वर्षी. निकोलाउसचे बूट मात्र यंदाच, कारण किटामुळे ओवीला ते आधीच कळलंय.

सासूबाईंना नाचणीचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "माती कुठली घेणार?" आणि ताटलीला खाली भोक नसेल तर पाणी जपून घाल, नाहीतर कोंब कुजतील, असंही बजावलं. पेरणीच्या दिवशी त्या व्हिडिओवर हजर राहणार आहेत. दादा, दुकानातली भाजलेली किंवा सडलेली नाचणी उगवणार नाही, म्हणून अख्खी, कच्ची नाचणी तिकडे कुठे मिळते ते कळवाल का? इथल्या भारतीय दुकानात फक्त पीठ आहे.

आमच्या घरमालकीणबाईंच्या बागेत चेरीचं झाड आहे, आणि दोन-तीन घरांपुरत्या फांद्या द्यायला त्या तयार आहेत. कार्ल्सरूहमधल्या कुणाला हव्या असतील तर २ डिसेंबरपर्यंत मला लिहा, ४ ला संध्याकाळी सहानंतर घरी येऊन घेऊन जा.

– ओवीची आई