चांद्रयानाची मॉडेलं पुरे झाली, पोरांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दाखवा. पटतंय का?

एरंडोलकर
विज्ञान दिन आला की आपल्याकडच्या शाळांत टेबलावर नुसती थर्माकोलची चांद्रयानं. वाईट नाही, पण पोरांना वाटतं अवकाश संशोधन म्हणजे रॉकेट उडवणं आणि टाळ्या. माझं म्हणणं असं की सूर्यमालेच्या पलीकडचं काही समजून घ्यायचं तर यान कामाचं नाही, तिथं रेडिओ दुर्बीणच पाहिजे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या मोठ्या डिश. वॉयेजर १ हे १९७७ ला निघालं, सगळ्यात लांब गेलेलं यान, आणि इतकी वर्षं उडून जेमतेम एक प्रकाशदिवसाच्या, म्हणजे प्रकाश एका दिवसात जातो तेवढ्या अंतराच्या, आसपास पोचलंय. सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, म्हणजे घ्या हिशोब. आणि आपल्याच राज्यात, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण उभी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरवर पसरलेल्या. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्यात तारेची जाळी वापरायची शक्कल लढवली, कारण या लहरी लांब असतात, जाळीच्या भोकांतून निसटत नाहीत, पण वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. हे किती पोरांना माहितीये?

भुसावळ_जंक्शन
तुन्हं म्हननं पटस नही भो. लांबून ऐकणं आणि जाऊन हात लावणं यात फरक आहे का नाही? चंद्रावर पाण्याचे रेणू आहेत हे चांद्रयान-१ वरच्या यंत्रानं दाखवलं, २००९ मध्ये जाहीर झालं. त्याआधी माणसं शतकानुशतकं चंद्राकडं बघतच होती ना. प्रज्ञान रोव्हरनं दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक आहे हे तिथं जाऊन लेझर मारून पक्कं केलं. जपानच्या हायाबुसा-२ नं रियुगू लघुग्रहावरून पाच ग्रॅमच्या वर माती आणली, त्यात अमिनो आम्लं सापडली. डिशनं आणून दाखवा एक चिमूट.

एरंडोलकर
चिमूट नाही आणता येणार, मान्य. पण बुध स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो हे कुणी सांगितलं? ८८ दिवस असंच सगळे धरून चालले होते, १९६५ ला पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या डिशनं रडारचा सिग्नल मारून परत आलेला ऐकला तर निघाले ५९. तेव्हा बुधाच्या जवळपास एकही यान फिरकलं नव्हतं. म्हणजे सूर्यमालेतही डिश मागे नाही.

रावेर_केळीबाग
दोघं मोठ्या गोष्टी करताय भाऊ, पण आमच्याकडं शेतीची लाईट रात्री येते, मोटर चालू करायला बांधावर गेलो की वर एवढे तारे दिसतात, आणि मनात एकच येतं की वादळानं बाग आडवी व्हायच्या आत कुणीतरी सांगावं. चांद्रयान-३ ला सहाशे कोटींच्या वर गेले म्हणतात. ते आणि तुमची डिश, दोन्ही आमच्या केळीला काय उपयोगाचे?

तापीकाठची_ताई
@रावेर_केळीबाग दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे पण पत्ता चुकला. वादळाचा अंदाज इन्सॅटसारख्या हवामान उपग्रहांवरून येतो, त्याचं बजेट वेगळं, चांद्रयान बंद केलं म्हणून तो सुधारेल असं नाही. अंदाज गावापर्यंत वेळेत का पोचत नाही हे भांडण खाली जमिनीवरचं आहे, ते जरूर भांडा, मी पण येते.

आता मूळ मुद्दा. जंक्शनभाऊ, यान जे बघतं ते आपल्यापर्यंत येतं कसं? वॉयेजरचा ट्रान्समीटर साधारण २३ वॅटचा, तेवढ्यात जुनी लांब ट्यूबलाईट पण धड पेटत नाही. १९८९ ला वॉयेजर २ नेपच्यूनपाशी गेलं तेव्हा सिग्नल इतका क्षीण होता की न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए नावाच्या २७ डिशांच्या रेडिओ दुर्बिणीला नासाच्या डिशबरोबर जोडून ऐकावं लागलं.

भुसावळ_जंक्शन
ताई, ती पोस्टमनची कामं झाली. पत्र लिहिलं यानानं, आणून दिलं डिशनं. उद्या पोस्टमनला लेखक म्हणायचं का?

तापीकाठची_ताई
म्हणायचं, एकदा तरी. जानेवारी २००५, ह्युजेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरत होतं. वाऱ्याचा वेग मोजायचा प्रयोग ज्या चॅनलवर होता तो कॅसिनी या त्याच्या मूळ यानावरचा रिसीव्हर चालू करायची आज्ञाच द्यायची राहून गेली, प्रयोग गेला पाण्यात. पण पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणी, अमेरिकेतली ग्रीन बँक, ऑस्ट्रेलियातली पार्क्स, ह्युजेन्सची ती कुजबुज थेट ऐकत होत्या. वाऱ्यानं यान ढकललं की सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते, ती किती सरकते त्यावरून टायटनचे वारे काढले. यानाची चूक आणि डिशचं विज्ञान.

सातपुडा_पायथा
हे माहिती नव्हतं, भारी.
बाकी एरंडोलकर, जीएमआरटीनं स्वतः काय शोधलं ते सांगा, नुसती जाळीची स्तुती नको. आणि मॉडेलवर राग काबरं? पोरगं चांद्रयान बनवतं तेव्हा निदान हातानं काहीतरी करतं.

एरंडोलकर
घ्या मग. हायड्रोजन वायूचा २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा सिग्नल फार मंद असतो, एकेका दूरच्या आकाशगंगेचा ऐकूच येत नाही. तर पुण्याच्या मंडळींनी हजारो आकाशगंगांचे सिग्नल एकावर एक रचले आणि सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्यात सरासरी किती हायड्रोजन होता ते मोजलं, २०२० ला छापून आलं. त्यातून दिसलं की या वायूपासून तारे इतक्या वेगानं बनत होते की नवा वायू येत राहिला नाही तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. तारे बनायचं पुढं मंदावलं का, त्याचा धागा इथं लागतो. सांगा, कुठलं यान पाठवणार होता तिथं?
आणि २०२३ ला पल्सारच्या, म्हणजे ठराविक ठेक्यात रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, पुरावा मिळाल्याचं जगभरच्या गटांनी सांगितलं, त्यात युरोपच्या गटाबरोबर जीएमआरटीचा डेटा होता. मॉडेलवर राग नाही हो, पण तारेची जाळी आणि जुना रेडिओ घेऊन पण मॉडेल होतंच की, कुणी सुचवतच नाही.

भुसावळ_जंक्शन
हायड्रोजनचं चांगलं आहे, तिथं मी गप्प. पण तुमच्या डिशला मोबाईलच्या टॉवरचा, आता तर वरून फिरणाऱ्या इंटरनेटच्या उपग्रहांचा पण गोंगाट. शिवाय साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी आपलं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खाली येऊच देत नाही. त्या ऐकायच्या तर चंद्राच्या मागच्या बाजूइतकी शांत जागा नाही. चीननं २०१९ ला चांग-ए-४ तिथं उतरवलं त्यात असल्या लहरींचं यंत्र होतंच. आणि ते तिथं काय एसटीनं गेलं?

एरंडोलकर
यानानं गेलं. पण गेलं कशासाठी, ऐकायलाच ना!

रावेर_केळीबाग
तुमचं चालू द्या. खोडदला विज्ञान दिनाला पब्लिकसाठी खुलं असतं असं माझा पुतण्या म्हणतो, खरं आहे का? पोरांची गाडी काढायची तर नाशिकवरून आळेफाट्याला उतरायचं की अजून पुढं?

तापीकाठची_ताई
दादा, २८ फेब्रुवारीच्या सुमारास प्रदर्शन असतं, तारखा आधी बघून घ्या. आळेफाट्याच्या पुढं नारायणगाव, तिथून आत. मोबाईल बंद ठेवावे लागतात, हे पोरांना घरीच बजावून न्या.