काळा चौकोन आणि लाल कोपरा

गूढवादी चित्रं आणि राजकीय प्रचार ही दोन टोकं आहेत असं काही जण म्हणतात, ते मला काही पटत नाही. रशियाचंच बघा ना. १९१५ ला पेट्रोग्राडच्या (आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात चित्रकार मालेविचने त्याचं 'काळा चौकोन' हे चित्र मुद्दाम कोपऱ्यात, वर छताजवळ टांगलं, म्हणजे रशियन घरात जिथे देवाचं आयकॉन (पूजेचं चित्र) असतं बरोब्बर तिथेच, आणि १९१७ च्या क्रांतीनंतर त्याच आयकॉनच्या कोपऱ्याचा सरकारी 'लाल कोपरा' झाला, देवाच्या जागी लेनिनचा फोटो लावून! (गंमत म्हणजे आयकॉनच्या कोपऱ्यालाही आधीपासून तोच शब्द होता, जुन्या रशियनमध्ये लाल म्हणजेच सुंदर.)

त्याहून भारी चित्रकार पेत्रोव-वोदकिनचं १९२० चं चित्र, '१९१८, पेट्रोग्राडमध्ये'. बाळाला छातीशी धरलेली, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली साधी कामगार बाई, पण बघताक्षणी येशूची आई मेरीच आठवते, लोक त्याला पेट्रोग्राडची मॅडोनाच (म्हणजे बाळ येशूसह मेरी) म्हणतात. आता याला प्रचार म्हणायचं की प्रार्थना? मला तरी दोन्ही वाटतं, आणि म्हणूनच ते अजून बघवतं.

पोस्टरकार डेनीचं पोस्टर मात्र सरळसरळ प्रचार, क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की चक्क राक्षसी सापाला मारणारा संत जॉर्ज बनून घोड्यावरून टोपीवाल्या सापाला, म्हणजे क्रांतीच्या शत्रूला, भाला खुपसतोय. हसू येतं, पण आयकॉन बघत वाढलेल्या माणसाला एक अक्षर न वाचता कळत असणार कोण देव नि कोण राक्षस.