मदत हवी आहे: काळ्या मातीने माझी जपानी बाग गिळली

सातपुड्याखाली:
नमस्कार. परतवाड्याजवळच्या एका खेड्यात राहते. जुना गोठा पाडल्यावर घरामागे ३० बाय १८ फुटांची जागा मोकळी झाली. त्यामागे आमचा संत्र्याचा बगीचा आणि झाडांच्या शेंड्यांवरून सातपुड्याची ओळ दिसते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला नणंदेकडे गेले होते, तेव्हा सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे ते. घरी आल्यावर व्हिडिओ पाहायचा नाद लागला आणि क्योतोच्या रियोआन-जी मंदिरातली दगड-खडीची बाग दिसली. पाणी नाही, फुलं नाहीत, नुसते पंधरा दगड आणि ओढलेल्या रेघा. मनात म्हटलं, आपल्याकडे पाण्याची बोंब, ही बाग तर आपल्यासाठीच आहे!

मार्चमध्ये माती सपाट करून तिच्यावर दोन इंच पांढऱ्या संगमरवराच्या चिप्स पसरल्या. तीन दगड, सिमेंटचा जपानी कंदील, ऑनलाइन मागवलेलं शेवाळ आणि लाल मेपलची दोन रोपं. मे महिन्यात मेपल पंधरा दिवसांत करपलं, शेवाळाचा भुसा झाला. चिप्सवरची तिरीप थेट स्वयंपाकघरात यायची, दुपारी डोळे उघडवत नसत. जमिनीला भेगा पडल्या आणि अर्ध्या चिप्स भेगांत गेल्या. उरलेल्या मृगाच्या पहिल्या पावसात खाली बसल्या, वर चिखल आला. कंदील पिऊन आल्यासारखा कलला आहे. मांजराला मात्र जागा फार आवडली, कशासाठी ते सांगत नाही.

सासूबाई म्हणतात, "आमी जलमभर वावरातले गोटे येचून धुऱ्यावर टाकले, अन् तू पैसे देऊन गोटे घरात आणले." (धुरा म्हणजे शेताचा बांध.) यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

हे वाचवता येईल का? की गोठा परत बांधू?

खडीमुरूम:
ताई, चूक बागेची नाही, पायाची आहे. आपली काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. घरांच्या भिंती तडकवते ती, तुमच्या कंदिलाची काय कथा. तिच्यावर थेट खडी टाकली की ती गेलीच समजा.

आता पावसात फावडं लावू नका, नुसता राडा होईल. दिवाळीनंतर जमीन वाळली की दीड फूट माती काढा आणि मुरूम भरा. मुरूम एकदम ओतायचा नाही. सहा सहा इंचांचा थर, पाणी मारायचं, धुमस करायची म्हणजे ठोकून दाबायचं, मग पुढचा थर. घराकडून बगीच्याकडे उतार द्या, दहा फुटांना एक-दीड इंच पुरे. वर जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी जाऊ देतं, पण खडी खाली बसू देत नाही) आणि त्यावर तीन इंच खडी.

अख्ख्या जागेला दीड फुटाने आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम होतो, दाबल्यावर बसतो म्हणून दहा धरा. खडी सव्वा ब्रासच्या वर. खर्च जास्त वाटत असेल तर १८ बाय १२ चाच तुकडा करा. मुरूम चार ब्रासमध्ये होईल, खडी अर्ध्या ब्रासच्या थोडी वर लागेल.

मोगरा_कोथरूड:
मी बागरचनेचं काम करते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. तुम्ही दोन वेगळ्या बागा एकत्र केल्यात. कोराकुएन ही फिरायची बाग. तळं, हिरवळ, वळणाच्या वाटा. रियोआन-जीची बाग ओसरीवर बसून पाहायची, आत पाऊल टाकायचंच नाही. तिथे पंधरा दगड आहेत खरे, पण ओसरीवर कुठेही बसलात तरी निदान एक दगड दुसऱ्याआड राहतोच. कंदील तर जपानी चहापानाच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवरचा. त्या खडीत तो मुळात नाहीच. काढून टाका, वाईट वाटून घेऊ नका.

पांढऱ्या चिप्सही नकोत. क्योतोची खडी ग्रॅनाइट झिजून झालेली, तिच्यात काळे कणही असतात, त्यामुळे ती डोळ्यांवर येत नाही. तुमच्याकडे काळा पाषाण मुबलक आहे. क्रशरवरून सहा ते दहा मिलिमीटरची बारीक गिट्टी घ्या, चुरी धुऊन काढा. गोल गोटे घेऊ नका. कोनेदार खडीतच रेघ टिकते, गोल खडी घरंगळते.

तुमच्याकडे जी गोष्ट पैसे देऊन मिळत नाही ती म्हणजे मागचा डोंगर. जपानी माळी त्याला "शाक्केई" म्हणतात, उसनं घेतलेलं दृश्य. बगीच्याकडच्या कडेला कमरेएवढं कुंपण करा, कामिनी किंवा करवंद लावा आणि कापून सारखं ठेवा. मधलं वायरचं कुंपण, पाइप, फवारणीचे ड्रम सगळं झाकलं जातं आणि नजर खडीवरून सरळ सातपुड्यावर जाते. कामिनीची रोपं याच पावसात लावून टाका. शेवाळाचा हट्ट सोडा. ते दमट हवेचं, ४४ डिग्रीत तुम्ही त्याला पाणी पाजत बसाल.

वावरातला:
वैनी, सासूबाईचं बराबर हाय. धुऱ्यावर जा, तिथंच पाहा. नांगराले लागलेले, पन्नास वर्षं ऊन-पाऊस खाल्लेले दगडं हायत. पण नदीतून उचलू नका, गौण खनिजाचा दंड बसते.

मी बी एक व्हिडिओ पाह्यला. बांबूच्या नळीत पानी भरते, नळी पालटते अन् दगडावर टक वाजते. म्हणे जपानातल्या शेतकऱ्यायनं हरणं, डुकरं पळवाले केलं होतं. मी हरभऱ्यात लावलं. दोन रात्री रोही (नीलगाई) आले नाहीत, तिसऱ्या रात्री त्यायनं तिथंच पानी पेलं.

मोगरा_कोथरूड:
दगड धुऱ्यावरचेच घ्या, उत्तम. फक्त ठेवू नका, पुरा. तिसरा हिस्सा तरी जमिनीत गेला पाहिजे, म्हणजे दगड तिथूनच वर आल्यासारखा वाटतो. तीन पुरेत. एक उभा, एक आडवा, एक बसका.

लाल पानांची हौस असेल तर कुसुम म्हणजे कोसिंबाचं झाड लावा. मेळघाटात फाल्गुन-चैत्रात त्याची कोवळी पालवी लालभडक होते.

खडीमुरूम:
कुसुम? ताई, तो केवढा वाढतो माहीत आहे ना? १८ बाय १२ च्या तुकड्यात नको. बांधावर लावा, लांबूनच पाहा.

मोगरा_कोथरूड:
बरोबर. बांधावरच.

सातपुड्याखाली:
सगळ्यांचे आभार. सहा महिन्यांनी लिहितेय.

१८ बाय १२ चाच तुकडा केला. डिसेंबरात खोदकाम झालं, मुरूम पाच ब्रास लागला. दगड निवडायला सासूबाईंनाच वावरात नेलं. मी गोल-गुळगुळीत दगडांकडे जात होते. त्यांनी एक खडबडीत, एका अंगाने फुटलेला दाखवला, "हा घे, याच्यावर तुह्या सासऱ्याचा नांगर मोडला होता." तोच उभा पुरला. चार माणसं आणि पहार लागली. कंदिलाच्या सावलीत आता कोंबड्या बसतात.

रेघांसाठी सुताराकडून सागाचं दंताळं करून घेतलं. दात अडीच इंचांवर, टोकं बोथट. कामिनी अजून गुडघ्याएवढीच आहे, ड्रम दिसतातच. मांजरासाठी रात्री जाळी टाकते.

आता एक नवी अडचण. अंगणातल्या कडुलिंबाची पानं गळायला लागली. परवा पहाटे सासूबाईंनी खराट्याने सगळं स्वच्छ झाडून काढलं, पानं आणि रेघा दोन्ही. कडुलिंब तोडायचा नाही आणि सासूबाईंना झाडू नका म्हणायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. काय करू?

मोगरा_कोथरूड:
पानगळ संपेपर्यंत रेघा ओढूच नका. पानं वाळली की बांबूच्या पंजाने वरच्यावर ओढून घ्या, खडी खाली राहते.

वावरातला:
सासूबाईच्या हाती दंताळं द्या.