शब्दचर्चा : 'जेड'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी_कोथरूड : शहाजहानच्या मद्याच्या पेल्यावर मराठीत टिपण लिहितेय. १६५७ सालचा, एकाच दगडातून कोरलेला, मूठ बोकडाच्या डोक्याची. सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असतो. दगड आहे जेड. एकीने 'पाचू' सुचवलं, दुसरीने 'हरितमणी'. पण पेला पांढराशुभ्र आहे हो! काय लिहू?

उगाच_शंका : पाचू तर मुळीच नको. तो बेरिल जातीचा, पारदर्शक, पैलू पाडून अंगठीत बसवायचा. जेड दुधट, त्यातून आरपार दिसत नाही, नुसता उजेड झिरपतो. 'हरितमणी' ऐकायला छान, पण जेड पांढरा, जांभळट, पिवळसर, काळासुद्धा असतो. पांढरा हरितमणी म्हणजे पांढरा काळा घोडा.

शिवाय जेड म्हणजे एक खनिज नव्हेच. नेफ्राइट आणि जेडाइट ही दोन निराळी खनिजं या एका नावाखाली चालतात. त्यांतला फरक १८६३ साली दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवला. मोगलांच्या कोरीव वस्तू नेफ्राइटच्या. बाजारातला गर्द हिरवा, महागडा माल म्हणजे म्यानमारचा जेडाइट.

रविवारातला_खडेवाला : दुकानात विचाराल तर शब्द एकच : मरगज. पन्न्याचं, म्हणजे पाचूचं, उपरत्न म्हणून ज्योतिषी सांगतात तो. मात्र मरगज मागितल्यावर जेडच हातात पडेल याची खात्री कुणी धरू नये. 'इंडियन जेड' म्हणून जो स्वस्त हिरवा माल येतो तो बहुतेक वेळा अ‍ॅव्हेंच्युरिन, म्हणजे क्वार्ट्झ. मणी उन्हात धरून दहापट भिंगाखाली फिरवा. आत अभ्रकाच्या बारीक चकत्या चमचम करतात, हिरवा रंगही त्यांचाच. जेडमध्ये अशी चमचम नसते, घट्ट विणलेला पोत दिसतो. आणि जेडाइट हाताला जड लागतो : पाण्याच्या सव्वातीन पटींहून थोडा जास्त, क्वार्ट्झ जेमतेम दोन पूर्णांक पासष्ट पट.

वैद्यकन्या : आमच्याकडे जुना शब्द आहे की! संगेयशब, म्हणजे यशब नावाचा दगड. युनानीतून आलेला. रसशास्त्राच्या पुस्तकांत त्यालाच 'व्योमाश्म' म्हणतात. छातीत धडधडतं त्यावर संगेयशबची पिष्टी, म्हणजे बारीक खललेली पूड, देतात. मोगल काळात याच धडधडीसाठी जेडचा ताईत गळ्यात घालत, त्याला 'हौलदिली' म्हणत. तो खरंच काम करतो असा माझा दावा नाही. शब्द सुंदर आहे एवढंच.

एक मात्र सांभाळा. यशब आणि यशद यांत गल्लत करू नका. यशद म्हणजे जस्त. छापताना ब चा द झाला की पेला थेट बादलीच्या पत्र्याचा होतो.

उगाच_शंका : 'यशब' घालणाऱ्याला यश मिळतं म्हणून ते नाव, असं एका ज्योतिषाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. संस्कृत 'यश'शी त्याचा काडीचाही संबंध नाही. अरबी यश्ब, फारसी यश्म, ग्रीक इआस्पिस हे सगळे एकाच घरातले. इंग्रजीतला जास्परही तिथलाच. मराठी बायबलमध्ये 'यास्फे' आहे ना, तोही. गंमत अशी की अल-बिरुनी या अकराव्या शतकातल्या विद्वानाने या दगडाला विजयाचा दगड म्हटलं जातं असं नोंदवलंय. तुर्क तलवारींवर आणि कमरपट्ट्यांवर तो लावत. म्हणजे ज्योतिषाची व्युत्पत्ती चुकली, समजूत मात्र खरीच जुनी निघाली.

'जेड' शब्दाचा जन्म याहून गमतीचा. स्पॅनिशमध्ये 'पिएद्रा दे इहादा', म्हणजे कुशीचा दगड. कुशीत कळ आली की तिथे ठेवायचा. मेक्सिकोकडच्या लोकांची ही समजूत स्पॅनिशांनी उचलली. फ्रेंचांनी 'लेजाद'चं 'ल जाद' ऐकलं आणि आद्याक्षर गिळलं. 'नेफ्राइट'मध्येही ग्रीक मूत्रपिंडच दडलंय.

पेठेतली_सून : विषयांतर होतंय, पण विचारतेच. जाऊबाईंनी सिंगापूरहून जेडची बांगडी आणलीय. भांडी घासताना काढावी का? तडकली तर अपशकुन म्हणे.

रविवारातला_खडेवाला : ताई, काढाच. जेड चिवट असतो, पण ओट्याच्या ग्रॅनाइटवर आपटली की कुठलीही बांगडी जाते. शिवाय राखेत, धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मापनावर त्यांची कठीणता ७, नेफ्राइटची ६ ते ६.५. रोज घासलं की झिलई उतरते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस. ब्लीच नको, वाफेचं मशीन नको. पुष्कळ जेडाइट आम्लात धुऊन वर राळ भरलेला असतो. बाजारात त्याला 'बी' म्हणतात. तो तर उष्णतेने हमखास बिघडतो. पावती घेतली असेल तर त्यावर 'ए', म्हणजे असं काही न केलेला, लिहिलंय का बघा.

वैद्यकन्या : आणि अपशकुनाचं म्हणाल तर चिनी लोक उलट मानतात. बांगडी फुटली तर घालणाऱ्यावरचं संकट तिने स्वतःवर घेतलं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात; तसं काहीतरी करून घ्या.

मृण्मयी_कोथरूड : सगळ्यांचे आभार. मजकुरात 'जेड' ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'फारसीत यश्म, आपल्या वैद्यकात संगेयशब' असं जोडते. मरगज नको, त्यावर पन्न्याची सावली आहे. आता शेवटचा घोळ : तो जेड की ते जेड? आणि 'जेडाचा पेला' की 'जेडचा'?

उगाच_शंका : दगड, खडा डोक्यात असेल तर 'तो', रत्न असेल तर 'ते'. बाजारात 'तो'च चालतो. 'जेडाचा' व्याकरणाला धरून आहे, पण कुणाच्या तोंडी नाही. 'जेडचा' लिहा.

पेठेतली_सून : आमच्याकडे कुंडीतली 'ती' जेड आहे, बरं का.

उगाच_शंका : वनस्पती म्हणून 'ती'! त्यातही नर्सरीत 'जेड' म्हणून दोन झाडं विकतात, क्रासुला आणि पोर्टुलाकारिया. त्यासाठी वेगळा धागा काढा.