मदत हवी आहे : इसामू नोगुचींच्या दगडकामाविषयी

सर्वांना नमस्कार. आमच्या कला मंडळात शिल्पकार इसामू नोगुची यांच्यावर बोलायचे आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

नोगुचींचा जन्म १९०४ साली लॉस एंजेलिसला झाला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका; बालपण जपानमध्ये गेले आणि पुढचे शिक्षण अमेरिकेत झाले. १९२७ मध्ये पॅरिसला आधुनिक शिल्पकार ब्रांकुशींच्या हाताखाली शिकलेल्या या कलावंताने उतारवयात न्यूयॉर्क आणि जपानच्या शिकोकू बेटावरील मुरे हे गाव अशा दोन्ही ठिकाणी कार्यशाळा ठेवल्या. माझ्या मते ही दुहेरी वस्ती त्यांच्या उत्तरकालीन बेसॉल्ट या काळ्या दगडाच्या शिल्पांत सर्वांत स्पष्ट दिसते : दगडाची गंजल्यासारखी तांबूस साल तशीच राखलेली, मध्येच टाकीचे उघडे घाव आणि त्याला लागून आरशासारखा घोटलेला काळा भाग.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच असल्यामुळे, त्यात काम करणाऱ्या शिल्पकारांनी आणि पाथरवटांनी कृपया सांगावे, की शेजारचा भाग घोटताना वरची साल न दुखावता कशी राखता येते आणि तिथे यंत्र चालते की हातानेच घासावे लागते. न्यूयॉर्कमधील मराठी मंडळींपैकी कोणी लाँग आयलंड सिटीचे नोगुची संग्रहालय पाहिले असेल, तर शिल्पांच्या पृष्ठभागांची जवळून काढलेली छायाचित्रे हवी आहेत. नोगुचींनी टिपलेल्या जंतरमंतरच्या छायाचित्रांविषयी मराठीत कुठे लेखन झाले असल्यास तेही अवश्य कळवावे.